कोणाकडे आलात?

खेडेगावात अनोळखी मनुष्य शिरला म्हणजे पारावर बसलेली वडील मंडळी त्यास तीन प्रश्न विचारतात. आपण कोण, कोठले, आणि कोणाकडे आलात? आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी हे प्रश्न कधी ना कधी विचारले असतील, आणि कित्येकांस परगावी त्यांची उत्तरेही द्यावी लागली असतील. पहिल्या दोन प्रश्नांत चौकशीपलीकडे पुष्कळदा काही नसते. किंबहुना आपल्या देशात त्यांचा खरा रोख जात हुडकण्याकडे असतो, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आमच्या वडिलांच्या पिढीस ह्या दोन प्रश्नांची उत्तरे देताना मान खाली घालावी लागे. तिसरा प्रश्न मात्र निराळ्या कुळातला आहे. 'कोणाकडे' असे विचारणाऱ्याने हे गृहीत धरलेले असते की आलेल्या मनुष्याचे येथे कोणी तरी आहे, आणि नसेल तर दिवेलागणीपूर्वी कोणी तरी झाले पाहिजे. ह्या तिसऱ्या प्रश्नाचा नीतीच्या दृष्टीने थोडा विचार करावा असे आम्ही योजिले आहे, आणि त्यासाठी वाचकांस मुंबईच्या उत्तरेस, मीरा-भाईंदर शहरातील नवघर येथे घेऊन जात आहोत.

नवघर म्हणजे नवे घर. साष्टी बेटाच्या उत्तर टोकास, वसईच्या खाडीजवळ, भाईंदर स्टेशनच्या पूर्वेस हे जुने गाव आहे. नवघर, गोडदेव, खारी ही आगरी लोकांची गावे. भातशेती, मिठागरे आणि खाडीची मासळी यांवर त्यांचा चरितार्थ चाले. पश्चिमेस समुद्राच्या बाजूला उत्तन, चौक, डोंगरी येथे कोळी बंधू आणि रोमन पंथाचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती पोर्तुगीज अमलापासून नांदत आले आहेत. 1985 साली येथे नगरपरिषद झाली व 2002 साली महानगरपालिका. 1991 च्या खानेसुमारीत ह्या साऱ्या शहराची वस्ती सुमारे पावणेदोन लाख होती. 2001 साली ती पाच लाख वीस हजारांवर गेली. 2011 साली 8,09,378 भरली. म्हणजे वीस वर्षांत एका मनुष्याच्या जागी साडेचार माणसे उभी राहिली. ज्या गावी सणाला आलेला पाहुणाही सर्वांच्या ओळखीचा असे, तेथे आता जिन्यात भेटलेल्या मनुष्याचे नाव ठाऊक नसते. कोणी कोणास 'कोणाकडे आलात' असे विचारीत नाही. इमारतीच्या दारावर बसलेला पहारेकरी विचारतो, पण तो वहीत लिहून घेण्यासाठी, आणि बहुतकरून तोच सर्वांत दूरचा, नेपाळातला किंवा बिहारातला असतो.

ही वस्ती पाहावयाची तर पायी पाहावी असे आमचे मत आहे. आगगाडीतून इमारतींच्या पाठी दिसतात. रिक्षातून दुकानांच्या पाट्या दिसतात. चालणाऱ्यास मात्र माणसे दिसतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो माणसांस दिसतो. पूर्वेच्या बाजूने बाहेर पडून नवघर रस्त्याने चालू लागले म्हणजे प्रथम गुजराती फरसाणाचा वास येतो, मग मारवाडी व्यापाऱ्याचे कापडाचे दुकान, मंगळूरकडील शेट्टींचे उपाहारगृह, उत्तरेकडील भाजीवाल्याची गाडी, आणि मधूनच कोकणातून आलेली कोकमे व कुळथाचे पीठ विकणारी एखादी बाई. पुढे स्टीलची भांडी करणाऱ्या कारखान्यांचे गाळे लागतात. भांड्यांस झिलई देणाऱ्या मजुरांची तोंडे धुळीने काळवंडलेली असतात. मालक राजस्थानचा, मजूर उत्तर प्रदेश-बिहारचा, आणि भांडी कोणाच्या लग्नात आहेरात जातील ते सांगता येत नाही. कदाचित वाचकांच्या घरी मांडणीवर असलेले तपेलेच येथून आले असेल. सकाळी नाक्यावर कामाच्या आशेने उभ्या असलेल्या बायामाणसांची बोली कान देऊन ऐकली तर जालना-परभणीकडची निघते. दक्षिणेकडे मीरारोडच्या वाटेस लागले की काही अंतराने नयानगर येते. 1980 च्या सुमारास मुसलमान मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी ही वसाहत उभी राहू लागली, आणि 1992-93 च्या दंग्यांनंतर मुंबईत ज्यांस राहणे भयाचे वाटू लागले किंवा ज्यांस दुसरीकडे घर मिळेना अशी पुष्कळ घराणी येथे आली. एवढ्या तासा-दीड तासाच्या चालीत सात-आठ भाषा कानावर पडतात.

पण एवढे पाहून कोणाचे काय भले झाले, असा प्रश्न विचारणे योग्य आहे. हल्ली मुंबईत निरनिराळ्या जमातींच्या वस्त्या पायी फिरून दाखविणाऱ्या सहली निघतात; धारावीत तर परदेशी पाहुण्यांस गल्ल्या दाखविण्याचा धंदाच चालतो. लोक पाहतात, काही तरी नवे खातात, छायाचित्रे काढतात व घरी जातात. त्यात पाप आहे असे आम्ही म्हणणार नाही. न जाण्यापेक्षा जाणे बरे, आणि शेजाऱ्याच्या हातचे खाण्याची ज्यांस किळस होती अशांची नातवंडे आज हौसेने खातात ही लहान गोष्ट नाही. तथापि पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यातील अंतर अशा फेरीने कमी होतेच असे नाही. कधी कधी ते पक्के होते. आपल्या दारापुढून नुसते पाहत जाणाऱ्यास घरातली माणसे काय म्हणत असतील?

आम्हांस एका आगरी आजोबांनी ते ऐकविले. नवघरच्या जुन्या गावठाणात, उंच इमारतींच्या पायथ्याशी अजून काही बैठी घरे व अरुंद बोळ शिल्लक आहेत. त्यांतील एका ओट्यावर ते बसले होते. आम्ही दोनदा त्याच बोळातून गेलो असता त्यांनी आपल्या बोलीत विचारले की, कोणाकडे आलात? कोणाकडे नाही, सहज फिरत आहोत, असे आम्ही सांगितले. त्यांस हे उत्तर पटले नाही. गावात येऊन कोणाकडेच न येणे ही गोष्ट त्यांच्या मते धड शहाणपणाची नव्हती. त्यांनी बसावयास सांगितले, आतून पाणी मागविले, आणि मग म्हणाले, आता कोणी विचारले तर आमच्याकडे आलात म्हणून सांगा.

ह्या एका वाक्यात आतिथ्याचे सारे शास्त्र आहे असे आम्हांस तेव्हापासून वाटत आहे. पण पुढे ते जे बोलले तेही सांगितले पाहिजे, नाही तर आमचे लिहिणे खोटे ठरेल. समोरची इमारत ज्या जागी आहे तेथे त्यांचे भाताचे शेत होते. पैसा आला आणि गेलाही. मुलगा इमारतीतील लोकांच्या मोटारी धुण्याच्या कामावर देखरेख करतो. विहीर बुजली. हे ते रागाने सांगत नव्हते. आपल्याकडे म्हातारी माणसे पाऊस कसा कमी झाला ते सांगतात तसे सांगत होते. परक्यांचे स्वागत करा असा उपदेश आम्ही पाळक लोक व्यासपीठावरून सहज करतो. त्या स्वागताची किंमत ज्यांच्या शेतांनी भरली त्यांस तो उपदेश कसा ऐकू येत असेल याचा विचार आमच्या वर्गाने फार थोडा केला आहे. येणाऱ्यांचा लोंढा जमिनीचे भाव वाढवितो, पाणी आटवितो, बोली बुडवितो. हे खरे आहे, आणि ते बोलून दाखविणारा मनुष्य दुष्टच असतो असे नाही.

जर्मन तत्त्ववेत्ता कान्ट, जो आपल्या गावाबाहेर फारसा कधी गेला नाही आणि रोज ठराविक वेळी फिरावयास जाण्याबद्दलच अधिक प्रसिद्ध आहे, त्याने 1795 साली शाश्वत शांततेवर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात तो म्हणतो की, परक्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्यास कोणी शत्रूसारखे वागवू नये हा त्याचा हक्क आहे. पाहुणा म्हणून घरात घेतले जाण्याचा हक्क मात्र त्यास नाही, त्यासाठी निराळा करार पाहिजे. पृथ्वी गोल असल्यामुळे माणसांस एकमेकांपासून कायमचे दूर जाता येत नाही, शेवटी शेजारी राहणे सोसावेच लागते, हे त्याचे कारण आम्हांस फार आवडते. परंतु त्याच्या हिशेबाने नवघरचे कोडे सुटत नाही. तेथे कोण कोणाच्या भूमीवर आला आहे? मारवाडी परका, उत्तरेकडचा परका, नयानगरचा परका, असे आमचे मराठी बंधू म्हणतात. पण 1972 च्या दुष्काळात देशावरून मुंबईस गेलेली आणि पुढे उपनगरांत सरकत आलेली आमची माणसे, किंवा 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव सोडून भाईंदर, नालासोपारा, विरार येथे आलेली कोकणातली कुटुंबे, ही त्या आगरी आजोबांच्या हिशेबाने कोण? भाषा त्यांच्या बोलीच्या जवळची, एवढाच फरक. शेत दोघांच्याही इमारतीखाली गेले आहे.

मग यजमान कोणी व्हावे? ज्यांची भूमी तेच यजमान असे म्हटले तर सारे ओझे थोड्या आगरी-कोळी घरांवर पडते, आणि बाकीचे आठ लाख लोक पाहुणे म्हणून हात धुऊन मोकळे होतात. येथे पवित्र शास्त्रातील एक गोष्ट आम्हांस उपयोगी पडते. शास्ते नावाच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एक लेवी प्रवासी संध्याकाळी गिबा नगरात येऊन चव्हाट्यावर बसतो. नगर इस्राएलाच्याच एका वंशाचे, म्हणजे भाषा एक, देव एक. तरी कोणी त्यास घरी नेत नाही. शेवटी शेतातून काम करून परत येणारा एक म्हातारा थांबतो आणि तोच जुना प्रश्न विचारतो: कोठून आलास व कोठे चाललास? मग त्यास घरी नेतो, गाढवांस वैरण घालतो, पाय धुवावयास पाणी देतो. हा म्हातारा गिब्याचा नव्हता. तो एफ्राइमच्या डोंगराळ प्रदेशातला, पोटासाठी गिब्यात येऊन राहिलेला उपरा होता. (त्या अध्यायाचा पुढचा भाग भयंकर आहे, रात्रीच्या वाचनास तो घेऊ नये.) सदोमातही देवदूतांस घरी घेणारा लोट परदेशीच होता, आणि त्याने मध्ये पडून बोलताच गावकऱ्यांनी त्याचे उपरेपण त्याच्या तोंडावर फेकले. अब्राहामाजवळ मम्रेच्या झाडांखाली आपली म्हणावी अशी हातभर जमीन नव्हती, पुढे पत्नीस पुरण्यासाठीही त्यास ती विकत घ्यावी लागली. तरी भर उन्हात आलेल्या तीन वाटसरूंपुढे तोच धावत गेला. यजमान होण्यास सातबारा लागत नाही. तंबूचे दार पुरते.

नवघरात ह्याचा अर्थ फार साधा आहे. आमच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांपैकी काहींस भाड्याने घर शोधताना 'तुम्ही मांसाहारी का', 'कोणत्या धर्माचे' अशा प्रश्नांवरून परत फिरावे लागले आहे. त्यांचे दुःख आम्ही जाणतो. पण त्यांतीलच एकाचे स्वतःचे घर झाल्यावर ते भाड्याने द्यावयाची वेळ आली, तेव्हा नयानगरच्या बाजूचा भाडेकरू नको असे मध्यस्थास सांगितले गेले, हेही आम्ही जाणतो. कोण, कोठले, एवढ्यावरच चौकशी संपली. तिसरा प्रश्न विचारावयाचा मनात नव्हते म्हणून पहिले दोन विचारले गेले.

आता भाषेच्या वादाविषयी लिहिणे प्राप्त आहे, कारण खेड्यांतील मंडळ्यांतून आम्हांस त्याबद्दल पत्रे येतात. 2025 च्या जून महिन्याच्या अखेरीस मीरारोड येथे मराठी बोलण्याच्या मुद्द्यावरून एका दुकानदारास मारहाण झाली. जुलैच्या आरंभी व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून निषेध केला, आणि 8 जुलै रोजी मराठी भाषकांचा मोठा मोर्चा निघाला. दोन्ही बाजूंनी जे बोलले गेले ते सर्वांनी ऐकले आहे. आमचे म्हणणे असे की, जो मनुष्य एखाद्या गावी वर्षानुवर्षे राहतो, तेथे कमावतो, तेथे मुले वाढवितो, त्याने त्या गावची भाषा शिकणे हे त्याचे ऋण आहे. न शिकण्यात तुच्छता असेल तर ती तुच्छता दोष आहे, आणि तो दोष दाखविण्यास संकोच नको. पण ऋण आहे म्हणून ते मारून वसूल करता येते काय? भाषा ही अशी विलक्षण वस्तू आहे की ती ज्याच्याजवळ आहे त्याने दिल्यावाचून दुसऱ्याजवळ जातच नाही. चापटीने फार तर दोन शब्द बाहेर पडतील, आणि तेही प्राण वाचविण्यापुरते.

ती कशी दिली जाते याची साक्ष आमच्याच इतिहासात आहे. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले तेव्हा कंपनी सरकारने त्यांस परत पाठविण्याचा हुकूम केला होता. त्यांच्याइतका परका कोण? तरी मुंबईच्या पंडितांनी त्यांस मराठी शिकविली, बाजारात लोकांनी त्यांच्या चुका हसून सोसल्या, आणि 1817 पासून मिशनच्या छापखान्यातून मराठी पुस्तके निघू लागली. हॉल 1826 साली नाशिककडच्या फेरीवर असता पटकीने वारले. त्याच्याही पूर्वी फादर स्टीफन्स हा इंग्रज गृहस्थ 1579 साली गोव्यास आला आणि त्याने मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले, ते 1616 साली छापले गेले. तो रोमन पंथाचा असला तरी मराठीवरील त्याच्या प्रेमास पंथ नाही. आणि बेने इस्राएल लोकांकडे पाहा. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यास लागले. कोकणाने त्यांस तेलाच्या घाण्यावर काम दिले. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून त्यांस शनवार तेली म्हटले, आणि त्यांचा शब्बाथ त्यांस पाळू दिला. त्यांनी कोकणाची भाषा घेतली, गावांची नावे घेतली. दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावे झाली. मुंबईत मशीद बंदराच्या बाजूस सॅम्युएल स्ट्रीटने चालत गेले तर 1796 साली स्थापन झालेले त्यांचे सभास्थान अजून उभे आहे. पिढ्यानुपिढ्या त्यांनी घरात मराठी बोलली. त्यांस ती बोला म्हणून कोणी दटावल्याचे आम्ही वाचले नाही.

उलट आज नवघर रस्त्यावर मराठी मनुष्य दुकानात शिरतो आणि दुकानदार तोंड उघडण्यापूर्वीच हिंदीत भाव विचारतो. रिक्षावाल्याशी हिंदी, पहारेकऱ्याशी हिंदी, पुढे पुढे स्वतःच्या मुलाशीही अर्धी हिंदी. ताट वाढलेच नाही आणि पाहुणा जेवला नाही म्हणून त्यास शिव्या देणे हा कोणता न्याय? एका शाळामास्तरीण बाईंचे उदाहरण आम्हांस ठाऊक आहे. त्या दूधवाल्याशी गेली सहा वर्षे मराठीतच बोलतात, सावकाश, सोपे शब्द घालून, आणि त्याच्या गावच्या आईची खुशाली विचारून. तो आझमगडचा मनुष्य आता त्यांच्या जावेशीही मराठीत बोलतो, आणि जाऊबाई त्यास हिंदीत उत्तर देतात!

प्रभूने ह्यासंबंधी जे केले ते आम्ही पायी चालणारांनी विशेष ध्यानात घ्यावे. सूखारजवळच्या विहिरीवर तो चालून थकलेला, भर दुपारी बसला होता. शोमरोनी स्त्री आली तेव्हा त्याने आधी तिला काही दिले नाही. तिच्याजवळ पाणी मागितले. यहूदी मनुष्याने शोमरोन्याच्या भांड्यातील पाणी मागावे याचे तिलाच नवल वाटले. आपल्या देशात ह्या मागण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ज्यांच्या आजोबांस ओंजळीत वरून पाणी ओतून मिळे त्यांस तो चांगला कळतो. देणारा वर राहतो, घेणारा खाली. म्हणून दान घेऊन परक्या वस्तीत जाणे सोपे, आणि तहान घेऊन जाणे कठीण. चालण्याची थोरवी आम्हांस वाटते ती एवढ्यासाठी की चालणाऱ्यास तहान लागते व त्याची वाट चुकते. त्यास नयानगरात कोणा मौलवींस रस्ता विचारावा लागतो, मारवाड्याच्या दुकानाच्या पायरीवर सावलीस बसावे लागते. तेवढा वेळ तरी तो यजमान नसतो, आणि समोरच्यास यजमान होण्याचा मान मिळतो.

आता खेड्यांतील आमच्या मंडळ्यांस एक कामाची विनंती करतो. राहुरी, वडाळा, शेवगाव, जालना इकडून दरवर्षी तरुण मुले-मुली मुंबईच्या बाजूस कामास जातात. पूर्वी भायखळ्यास ह्यूम स्मारक मंडळीत गेले की कोणी तरी गावचे भेटे. आता भाईंदर, विरार, पनवेल अशा दूरदूरच्या ठिकाणी ही लेकरे पांगली आहेत, आणि पुष्कळांचा पत्ता घरच्यांसही नीट ठाऊक नसतो. पौलाने फिबी बहिणीस रोमास पाठविताना तिच्याविषयी मंडळीस लिहिले, तशी चार ओळींची चिठ्ठी पाळकाने प्रत्येक जाणाऱ्याबरोबर द्यावी, व तिची नक्कल त्या भागातील पाळकाकडे टपालाने किंवा फोनवरून पाठवावी. नाव, गाव, कामाचे ठिकाण, खोलीचा पत्ता, एवढे पुरे. ज्या शहरात कोणी 'कोणाकडे' असे विचारीत नाही तेथे त्या पोराजवळ निदान उत्तर तयार असावे.

आणि येत्या हंगामात ऊसतोडीची माणसे बीडकडून येतील, त्यांच्या कोप्या नेहमीप्रमाणे कारखान्याच्या बाजूस पडतील. वीटभट्टीवर व बांधकामावर बिहारची पोरे येतील. मंडळीच्या पंचांनी तेथवर चालत जाऊन यावे. गाडीने जाऊ नये. उपासनामंदिराच्या ओसरीवर त्यांतील कोणी आजवर बसला आहे काय, आणि त्यांच्या कोपीत आपल्यापैकी कोणी चहा घेतला आहे काय, हे पाहून आम्हांस कळवावे.